लहान स्वयंसेवी संस्थेसाठी मेल आणि कॅलेंडर सर्व्हर : नियोजन कोणत्या क्रमाने करावे

संस्थेचा पत्रव्यवहार कार्यकर्त्यांच्या खासगी खात्यांवरून चालत असेल, तर कार्यकर्ता संस्था सोडून गेला की देणगीदारांशी झालेली बोलणी, अनुदानाचे करार आणि पुढच्या बैठकांच्या तारखाही त्याच्याबरोबर जातात. म्हणूनच लहान संस्थांना, किंवा चार-पाच संस्थांच्या एखाद्या जाळ्याला, कधी ना कधी स्वतःच्या डोमेनवरचा मेल आणि सर्वांना दिसणारे कॅलेंडर यांची गरज भासते. लिनक्स सर्व्हरचे थोडेफार काम येते, पण मेल सर्व्हर पूर्वी कधी उभारलेला नाही, अशा व्यक्तीला समोर ठेवून हा लेख लिहिला आहे. आज्ञा आणि कॉन्फिगरेशनच्या ओळी यात दिलेल्या नाहीत, कारण त्या प्रत्येक सॉफ्टवेअरच्या दस्तऐवजात मिळतात. कोणता निर्णय आधी घ्यावा आणि कोणता नंतर, एवढाच येथे विषय आहे. बहुतेक जण मेलपासून सुरुवात करून कॅलेंडरचे शेवटी बघू म्हणतात. माझ्या मते क्रम उलटा हवा, आणि त्याची कारणे पुढे ओघात येतील.

१. स्वतःचा सर्व्हर चालवायचा का?

पात्र ठरणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना गूगल वर्कस्पेसची मूळ आवृत्ती विनामूल्य मिळते आणि दर मेलबॉक्समागे शुल्क घेऊन मेल व कॅलेंडर दोन्ही सांभाळणाऱ्या सेवाही पुष्कळ आहेत. तेव्हा केवळ पैसे वाचवण्यासाठी स्वतःचा सर्व्हर उभारण्यात फारसा अर्थ नाही. पत्रव्यवहार संवेदनशील असेल आणि तो दुसऱ्याच्या ताब्यात नको असेल, फारसे न वापरले जाणारे पत्ते बरेच असल्यामुळे दर मेलबॉक्सचे शुल्क डोईजड होत असेल, किंवा अनेक संस्थांची डोमेन एकाच व्यवस्थेखाली आणायची असतील, तर मात्र स्वतःच्या सर्व्हरचा विचार जरूर करावा.

सर्व्हरवर प्रशासक म्हणून प्रवेश असलेली, लॉग वाचू शकणारी आणि निदान दोन वर्षे संस्थेत राहण्याची शक्यता असलेली दोन माणसे उपलब्ध आहेत का, हे त्यानंतर पाहावे. एकच माणूस असेल तर तयार सेवा घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. चोवीस तास पहारा ठेवावा लागेल या भीतीने मात्र मागे हटण्याचे कारण नाही. एसएमटीपीचे, म्हणजे सर्व्हरांमध्ये मेल नेणाऱ्या प्रोटोकॉलचे, २००८ सालचे प्रमाणक (इंटरनेटच्या मानकांच्या ‘आरएफसी’ दस्तऐवजांपैकी क्रमांक ५३२१) असे सांगते की पोहोचू न शकलेला मेल पाठवणाऱ्या सर्व्हरने साधारणपणे निदान चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा पाठवून पाहावा. त्यामुळे सर्व्हर एखादी रात्र बंद पडला तरी येणारा मेल सहसा हरवत नाही, उशिरा येतो. याच कारणाने लहान संस्थेला पर्यायी मेल सर्व्हरची, म्हणजे दुसऱ्या एमएक्स नोंदीची (डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे जावा हे सांगणाऱ्या नोंदीची), गरज क्वचितच पडते. स्पॅम पाठवणारे अशा दुय्यम सर्व्हरवरचे गाळण सैल असेल या आशेने नेमके त्यालाच गाठतात, हा त्यातला आणखी एक तोटा.

२. माणसे, पत्ते आणि जागा यांची मोजणी

एका तक्त्यात तीन याद्या कराव्यात. पहिलीत स्वतःचा मेलबॉक्स लागणारी माणसे, दुसरीत हिशोब, देणग्या, कार्यालय यांसारखे पदाचे पत्ते, आणि तिसरीत संस्थेच्या नावाने मेल पाठवणारी इतर सर्व साधने असावीत : देणगीचे संकेतस्थळ, बातमीपत्राची सेवा, हिशोबाचे सॉफ्टवेअर, अगदी स्कॅन करून मेल धाडणारे कार्यालयातले यंत्रसुद्धा. तिसरी यादी बहुतेकांकडून राहून जाते आणि पुढे डीएनएसच्या, म्हणजे डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या, पायरीवर तिची उणीव जाणवते.

पदाचा पत्ता दोन प्रकारे चालवता येतो. उपनाम ठेवले तर आलेल्या मेलची एकेक प्रत ठरलेल्या लोकांच्या मेलबॉक्समध्ये जाते. हे सोपे असले तरी कोणी उत्तर दिले हे इतरांना कळत नाही. सामाइक मेलबॉक्समध्ये आलेले आणि पाठवलेले दोन्ही सर्वांना दिसते, आणि माणूस बदलला तरी इतिहास जागेवर राहतो. देणग्या आणि हिशोब यांसाठी सामाइक मेलबॉक्सच घ्यावा. पोस्टमास्टर हा पत्ता प्रत्येक डोमेनवर असणे प्रमाणकानुसार आवश्यक आहे, तर गैरवापराच्या तक्रारींसाठी अब्यूज हा पत्ता १९९७ सालच्या आरएफसी २१४२ ने रूढ केला आहे. हे दोन्ही पत्ते खऱ्या माणसाकडे जोडलेले असावेत.

जागेचा अंदाज अवघड नाही. तीस माणसांना प्रत्येकी ५ जीबी कोटा दिला तर १५० जीबी होतात. वाढ आणि बॅकअपची तात्पुरती प्रत धरून याच्या दुप्पट जागा घ्यावी. अटॅचमेंट मेलमधून जाताना बेस६४ पद्धतीने मजकुरात बदलले जाते आणि सुमारे एक तृतीयांशाने फुगते, ही गोष्ट मर्यादा ठरवताना लक्षात ठेवावी. मेल घेणाऱ्या व पाठवणाऱ्या पोस्टफिक्स या सॉफ्टवेअरची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट आहे, म्हणजे प्रत्यक्षात साडेसात एमबीची फाइलही जेमतेम जाते. जीमेलवरून पाठवताना अटॅचमेंटची मर्यादा २५ एमबी असल्याने लोकांना तेवढ्याची सवय असते. ती बेस६४ ने फुगल्यावरही बसावी म्हणून आपली मर्यादा ३५ एमबीच्या आसपास ठेवणे सोयीचे पडते.

३. कॅलेंडर : येथे घाई करू नये

मेलचे प्रोटोकॉल इतके रुळलेले आहेत की कोणतेही चांगले सॉफ्टवेअर कोणत्याही मेल अॅपशी जुळते. कॅलेंडरचे तसे नाही. सर्व्हर आणि अॅप यांच्यात कॅलेंडर जुळते ठेवणारे कॅलडॅव्ह हे प्रमाणक २००७ पासून, तर नोंदींचा आयकॅलेंडर हा आराखडा आजच्या रूपात २००९ पासून आहे, तरीही कोणते साधन त्यातले काय आणि किती पाळते यात मोठा फरक आढळतो. त्यामुळे कॅलेंडरच्या गरजा आधी लिहून काढल्या तर सॉफ्टवेअरची निवड बरीचशी आपोआप होते.

सुरुवात लोकांकडच्या साधनांपासून करावी. आयफोन आणि मॅकवरच्या मूळ कॅलेंडरला कॅलडॅव्ह समजते. अँड्रॉइडला ते स्वतःहून समजत नाही. त्यासाठी डॅव्हएक्स५ सारखे जोडणी करणारे अॅप लागते. थंडरबर्डमध्ये २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून कॅलेंडर अंगभूत आहे. खरी अडचण आउटलुकची आहे, कारण त्याला कॅलडॅव्ह येत नाही. विंडोजवरच्या जुन्या पद्धतीच्या आउटलुकसाठी एक मोफत पूरक साधन मिळते, पण नव्या आउटलुकमध्ये त्या जातीची पूरके चालतच नाहीत. संस्थेतील निम्मे लोक आउटलुक सोडायला तयार नसतील, तर ती गोष्ट सॉफ्टवेअर बसवल्यानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी.

दुसरा मुद्दा निमंत्रणांचा. बाहेरच्या व्यक्तीला बैठकीचे निमंत्रण जाते ते मेलनेच, आणि तिचा होकार किंवा नकारही मेलनेच परत येतो. म्हणजे कॅलेंडरच्या सॉफ्टवेअरला संबंधित माणसाच्या नावाने मेल पाठवता आला पाहिजे आणि परत आलेले उत्तर मूळ नोंदीपर्यंत पोहोचले पाहिजे. मेल एका सॉफ्टवेअरवर आणि कॅलेंडर दुसऱ्यावर असले की हा सांधा सर्वांत आधी निखळतो : निमंत्रण वेगळ्याच पत्त्यावरून जाते, उत्तर मेलबॉक्समध्ये पडून राहते, आणि कॅलेंडरमध्ये पाहुणा शेवटपर्यंत अनिश्चित दिसतो. बाहेरच्यांबरोबर बैठका वारंवार होत असतील तर दोन्ही कामे एकत्र करणारे सॉफ्टवेअर घ्यावे. फक्त आपापसात तारखा कळाव्यात एवढीच गरज असेल तर ही अट सोडता येते.

कोणाला काय दिसावे हेही लिहून ठेवावे. एखाद्याला केवळ वेळ मोकळी आहे की नाही एवढेच कळणे, पूर्ण तपशील दिसणे आणि नोंद बदलता येणे, या तीन वेगळ्या परवानग्या आहेत. आयकॅलेंडरमध्ये नोंदीला सार्वजनिक, खासगी किंवा गोपनीय असा दर्जा देता येतो, पण तो पाळणे सर्व्हर आणि अॅप दोघांवर अवलंबून असते. समुपदेशन, आरोग्य किंवा कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थांनी त्यावर विसंबू नये. लाभार्थ्याचे नाव नोंदीच्या शीर्षकात लिहायचेच नाही, केवळ प्रकरण क्रमांक लिहायचा, असा नियम करणे अधिक सुरक्षित, कारण शीर्षक हे फोनच्या बंद पडद्यावरही झळकते.

सामाइक कॅलेंडर कोणाच्या खात्याखाली तयार करायचे, या प्रश्नाकडे फारच थोडे लोक लक्ष देतात. कॅलडॅव्हमध्ये प्रत्येक कॅलेंडर कोणत्या ना कोणत्या वापरकर्त्याच्या मालकीचे असते. उत्साही कार्यकर्तीने स्वतःच्या खात्यात ‘सर्व कार्यक्रम’ असे कॅलेंडर बनवून इतरांना वाटले, आणि वर्षभराने ती गेल्यावर तिचे खाते काढून टाकले, तर कॅलेंडरही त्याबरोबर जाते. म्हणून सामाइक कॅलेंडर, सभागृह, वाहन, प्रक्षेपक अशा सर्व गोष्टी पदाच्या किंवा संसाधनाच्या खात्याखालीच तयार कराव्यात.

सभासद वेगवेगळ्या देशांत असतील तर घड्याळ पुढेमागे करणाऱ्या प्रदेशांचाही विचार हवा. पुनरावर्ती बैठक नेहमी ठिकाणाच्या वेळक्षेत्राच्या नावासह साठवली जावी. ती केवळ जागतिक प्रमाणवेळेत साठवली तर घड्याळ बदलताच दर आठवड्याची बैठक तासाभराने सरकते.

४. सॉफ्टवेअरची निवड

वरची यादी हातात आली की पर्याय लवकर उरकतात. मेलकाऊ या डॉकरवर चालणाऱ्या संचात पोस्टफिक्स, डव्हकॉट, स्पॅम गाळणारे आरस्पॅमडी आणि कॅलेंडरसाठी सोगो एकत्र येतात. त्याला किमान ६ जीबी मेमरी लागते. सोगो आउटलुकशी अॅक्टिव्हसिंक या मायक्रोसॉफ्टच्या प्रोटोकॉलच्या मार्गानेही बोलू शकते, ही जमेची बाजू. मेल-इन-अ-बॉक्स हा संच बराच हलका असून कॅलेंडरसाठी नेक्स्टक्लाउड वापरतो, पण तो संपूर्ण यंत्र आणि शक्यतो डीएनएससुद्धा स्वतःच्या ताब्यात मागतो. ज्यांना हे चालते त्यांना तो सोपा पडतो. रॅडिकेल आणि बायकल हे केवळ कॅलेंडर व संपर्क सांभाळणारे छोटे सर्व्हर आहेत. ब्राउझरमध्ये कॅलेंडर उघडून पाहण्याची सोय त्यांत नसल्याने सर्वांनी अॅप वापरणे गृहीत धरावे लागते.

एकेक भाग सुटा घेऊन स्वतः जुळवणी करण्यात शिकायला खूप मिळते, परंतु पहिल्याच वेळी संस्थेचा चालू पत्रव्यवहार त्या प्रयोगावर ठेवू नये. संच घेतला तरी आतला कोणता भाग काय करतो हे माहीत हवे. पोस्टफिक्स मेल घेतो व पाठवतो, डव्हकॉट तो साठवून लोकांना वाचायला देतो. लॉगमधला संदेश या भागांच्याच भाषेत येतो.

५. सर्व्हर कोठे ठेवावा

मेल स्वीकारणे सोपे आहे. पाठवलेला मेल समोरच्याच्या इनबॉक्समध्ये उतरवणे कठीण आहे, आणि त्यातला मोठा वाटा आयपी पत्त्याचा असतो. कार्यालयातल्या साध्या ब्रॉडबँड जोडणीवर सर्व्हर ठेवू नये, कारण अशा जोडण्यांचे पत्ते, स्पॅम रोखण्यासाठी याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहाऊस या संस्थेच्या पीबीएल या यादीत सहसा असतातच आणि त्यांच्याकडून थेट आलेला मेल अनेक सर्व्हर नाकारतात. भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर घेताना तीन गोष्टी आधी लेखी विचाराव्यात. बाहेर जाणारे पोर्ट २५, ज्यावरून एक सर्व्हर दुसऱ्याला मेल देतो, खुले आहे का? गूगल क्लाउडवर ते सहसा बंदच असते, तर अॅमेझॉनच्या ईसी२ वर ते मूळात बंद असून उघडण्यासाठी विनंती करावी लागते. पीटीआर नोंद, म्हणजे आयपी पत्त्यावरून सर्व्हरचे नाव सांगणारी नोंद, स्वतः ठरवता येते का? आणि मिळणारा पत्ता आधीच कोणत्या काळ्या यादीत आहे का? शेवटचे उत्तर सर्व्हर ताब्यात आल्यावर स्वतः तपासावे आणि पत्ता डागाळलेला असेल तर काहीही बसवण्यापूर्वी बदलून घ्यावा.

पोर्ट २५ मिळतच नसेल तर मेल आपल्याकडे येऊ द्यावा आणि जाणारा मेल एखाद्या विश्वासू रिले सेवेमार्फत, म्हणजे आपल्या वतीने मेल पुढे पोहोचवणाऱ्या सेवेमार्फत, पाठवावा. यात कमीपणा वाटण्याचे काहीच कारण नाही. उलट नवख्या पथकाचे निम्मे ओझे त्याने उतरते.

आयपीव्ही६ बद्दल एक सूचना : त्या पत्त्याची पीटीआर नोंद नीट केली नसेल तर त्यावरून पाठवणे बंद ठेवावे. काही मेल पोहोचतात आणि काही परत येतात, अशा चमत्कारिक तक्रारींचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते.

६. डीएनएसच्या नोंदी

सर्वप्रथम डोमेन कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. ते संस्थेच्या नावावर नसेल तर पुढे जाण्यापूर्वी करून घ्यावे आणि नूतनीकरणाची सूचना त्याच डोमेनवरच्या पत्त्यावर येणार नाही याची काळजी घ्यावी, कारण डोमेन संपले की ती सूचना वाचताच येणार नाही.

सर्व्हरला एक कायमचे नाव द्यावे. त्या नावाची नोंद आयपी पत्त्याकडे आणि त्या पत्त्याची पीटीआर नोंद पुन्हा त्याच नावाकडे गेली पाहिजे. एमएक्स नोंद या नावाकडे वळवावी. ती सीनेम प्रकारच्या, म्हणजे दुसऱ्या नावाचे केवळ उपनाम असलेल्या, नावाकडे वळवणे नियमबाह्य आहे. जाळ्यातल्या प्रत्येक संस्थेच्या डोमेनची एमएक्स नोंद याच एका नावाकडे नेली की जोडणी सुरक्षित करणारे प्रमाणपत्रही मुख्यतः त्या एका नावाचेच सांभाळावे लागते.

त्यानंतर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. एसपीएफमध्ये आपल्या डोमेनच्या नावे कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात हे जाहीर केले जाते. येथे दुसऱ्या पायरीतली तिसरी यादी कामाला येते. प्रत्येक डोमेनला एसपीएफची एकच नोंद असावी आणि ती तपासताना दहापेक्षा अधिक डीएनएस शोध लागता कामा नयेत, अन्यथा संपूर्ण तपासणी नापास ठरते. डीकेआयएम प्रत्येक मेलवर स्वाक्षरी करते. तिची २,०४८ बिटांची किल्ली डीएनएसच्या २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, म्हणून ती तुकडे करून भरावी लागते. काही डीएनएस सेवा हे स्वतः करतात, काही करत नाहीत. या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचे काय करावे हे डीमार्क समोरच्या सर्व्हरला सांगते. त्याचे धोरण प्रारंभी केवळ निरीक्षणाचे ठेवून काही आठवडे अहवाल वाचावेत, विसरलेली साधने त्यातून उघड होतात, ती दुरुस्त करावीत आणि मगच संशयित मेल बाजूला ठेवण्याचे धोरण लागू करावे.

या तिन्हींना आता पर्याय उरलेला नाही. गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलकडे दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना ही तिन्ही सक्तीची केली, तसेच जाहिरात वा बातमीपत्रासारख्या मेलमध्ये एका क्लिकने नाव काढण्याची सोय मागितली आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट घातली. कमी पाठवणाऱ्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि योग्य पीटीआर नोंद लागतेच. बातमीपत्रे मात्र या सर्व्हरवरून पाठवूच नयेत. त्यांच्यासाठी वेगळे उपडोमेन आणि वेगळी सेवा ठेवावी, म्हणजे बातमीपत्रावरच्या तक्रारींची झळ रोजच्या पत्रव्यवहाराला कमी लागते.

कार्यकर्ते आपला मेल खासगी खात्याकडे आपोआप पुढे पाठवू इच्छितात. असा मेल पुढे जाताना एसपीएफची साखळी तुटते, आणि आलेला स्पॅमही पुढे गेल्याने दोष आपल्या आयपी पत्त्यावर येतो. ही सोय बंद ठेवावी आणि त्याऐवजी फोनवर खाते जोडून द्यावे.

७. सुरक्षितता

बाहेरून खुली असावीत अशी पोर्ट थोडीच आहेत : सर्व्हरांमधील देवाणघेवाणीसाठी २५, लोकांनी मेल पाठवण्यासाठी ४६५ आणि ५८७, वाचण्यासाठी ९९३, ब्राउझर व कॅलडॅव्हसाठी ४४३, आणि मेलची वर्गवारी करणारे सीव्ह नियम लोकांना स्वतःच्या अॅपमधून बदलू द्यायचे असतील तर ४१९०. प्रमाणपत्र आपोआप नवे करण्यासाठी ८० लागू शकते. व्यवस्थापनाचे पान सर्वांना खुले न ठेवता व्हीपीएनमागे ठेवावे. लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची प्रमाणपत्रे ९० दिवसांची असतात. ती आपोआप नवी होतात, पण मेलच्या सेवांनी नवे प्रमाणपत्र पुन्हा वाचले का हे तपासणारी वेगळी सूचना लावावी.

प्रत्येक खात्याला तासाला किती मेल पाठवता येतील याची मर्यादा घालणे मला सर्वांत मोलाचे वाटते. एका खात्याचा पासवर्ड चोरीला गेला की रात्रीतून हजारो स्पॅम जाऊ शकतात, आणि एकाच आयपी पत्त्यावर पाच संस्था असतील तर पाचही संस्थांचा मेल दुसऱ्या दिवशी अडकतो. ब्राउझरमध्ये द्विस्तरीय पडताळणी आणि प्रत्येक अॅपसाठी वेगळा पासवर्ड ठेवल्यास फोन हरवल्यावर तेवढाच एक रद्द करता येतो.

स्पॅमहाऊसच्या याद्या वापरायच्या असतील तर सर्व्हरवर स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर (डीएनएसच्या नोंदी शोधून देणारा प्रोग्राम) चालवावा. सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत आलेल्या विचारणांना तेथून खरे उत्तर मिळत नाही.

८. बॅकअप

मेलचे फोल्डर दुसरीकडे उतरवले म्हणजे बॅकअप झाला असे समजू नये. सोगोची कॅलेंडरे आणि संपर्क डेटाबेसमध्ये असतात, ते मेलच्या फोल्डरमध्ये सापडणार नाहीत. मेलकाऊ साठवलेले मेल सांकेतिक रूपात ठेवतो, म्हणून त्याच्या किल्ल्यांचा बॅकअप नसेल तर परत आणलेले मेल वाचताच येत नाहीत. डीकेआयएमच्या किल्ल्या आणि संपूर्ण कॉन्फिगरेशनही घ्यावे. बॅकअप रोज, दुसऱ्या कंपनीच्या जागेवर, आणि मुख्य सर्व्हरला तो पुसता येणार नाही अशा रीतीने ठेवावा. दर तिमाहीला रिकाम्या यंत्रावर तो उतरवून एक मेल आणि एक पुनरावर्ती बैठक उघडून पाहावी.

९. स्थलांतर

दोन-तीन उत्साही आणि एक कुरकुऱ्या अशा माणसांना आधी चाचणीच्या उपडोमेनवर आणावे. कुरकुऱ्या माणूस मुद्दाम घ्यावा, कारण अडचणी तोच सांगतो. खऱ्या बदलाच्या दोन दिवस आधी एमएक्स नोंदीची टीटीएल (इतरांनी ती नोंद किती वेळ लक्षात ठेवावी ती मुदत) ३०० सेकंदांवर आणावी. जुना मेल आयमॅपसिंक या मेलबॉक्सची नक्कल करणाऱ्या साधनाने आधीच उतरवून घ्यावा, एमएक्स बदलल्यावर तेच पुन्हा चालवावे म्हणजे मधल्या काळात जुन्या जागी आलेले मेलही येतात. कॅलेंडरे आयसीएस, म्हणजे आयकॅलेंडर आराखड्यातल्या, फाइलींच्या रूपात बाहेर काढून आत घ्यावी लागतात. निमंत्रित असलेल्या जुन्या नोंदी आत घेताना काही सॉफ्टवेअर सर्वांना पुन्हा निमंत्रणे धाडू शकते, म्हणून आधी एका छोट्या कॅलेंडरवर हे करून पाहावे. ज्यांना परवानगी दिली होती त्यांच्या याद्या आयसीएसमध्ये येत नाहीत; त्या तिसऱ्या पायरीत लिहिलेल्या टिपणावरून पुन्हा भराव्यात.

जुनी सेवा निदान महिनाभर चालू ठेवून तिच्यावर एकही नवा मेल येत नाही याची खात्री झाली की ती बंद करावी, टीटीएल पूर्ववत करावी आणि एसपीएफमधून जुन्या सेवेचे नाव काढून टाकावे.